'आळस झटका' म्हणता, पण...

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आधी चूक सांगते, मग बाकीचं. आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात थायरॉइडवर जो लेख आला, त्याच्या दुसऱ्या रकान्यात 'थायरॉक्सिन सुरुवातीला ५० मिलिग्रॅम' असं छापलं आहे. थायरॉइडच्या या गोळीचं माप मायक्रोग्रॅममध्ये हवं. एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे आपला डोस हजारपट झाला. आपला लेख वाचून कोणी हजार गोळ्या एका दमात गिळणार नाही हे मलाही कळतं. तरी चूक ती चूक. मी ३१ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. निवृत्त झाले, पण पेपर वाचताना बोट अजूनही ओळीखालून सरकत असतं, त्याला माझा इलाज नाही.

एवढंच असतं तर दोन ओळी लिहून थांबले असते. पण त्याच्या आदल्या आठवड्यात मधुमेहावर लेख होता, 'आळस झटका, साखर पळवा' अशा मथळ्याचा. मग हा थायरॉइडचा. दोन्ही मन लावून वाचले, कारण हे दोन्ही पाहुणे माझ्याकडे मुक्कामाला आहेत. मधुमेह १६ वर्षं, थायरॉइड ६ वर्षं. पहिल्या लेखात थायरॉइडचा उल्लेख नाही. दुसऱ्यात एक वाक्य आहे, 'थायरॉइड मंद असेल तर साखर वाढते', आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला सोसून कळलं, म्हणून हे पत्र.

सुरुवात कशी झाली ते सांगते. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. एका पुस्तकाच्या चौथ्या फर्म्यात एक अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला आणि तो माझ्या नजरेखालून गेला होता. दोनदा. छापून आल्यावर लेखकाचा फोन आला तेव्हा मी ते पान काढून पाहिलं आणि मला आठवेचना की हे मी वाचलंय. समासात माझ्याच अक्षरातल्या खुणा होत्या. तेव्हापासून प्रूफ वाचताना ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात निसटायला लागली. दुपारी तीनला डोळे मिटायचे. पंख्याखाली सगळे घामेजलेले आणि मी अंगावर शाल घेऊन. आवाज घोगरा झाला होता, फोनवर लोक 'सर्दी झाली का' विचारायचे. मधुमेह म्हटला की थकवा आलाच, असं मी गृहीत धरलं आणि डॉक्टरांनीही. दहा वर्षं जुन्या आजाराला सगळी बिलं लावायची सोय असते.

त्या वर्षी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.६ आली. आधीची ७.० होती. डॉक्टर म्हणाले, "खाण्यापिण्यात काहीतरी सुटतंय." मी वही पुढे केली. माझी वही साधी असते: तारीख, उपाशीपोटी किती, जेवल्यावर दोन तासांनी किती, आणि एक रकाना 'काय झालं' असा. उपाशीपोटी ११५ ते १२५, जेवणानंतर १७० ते १८५. एचबीए१सीवरून सरासरी साखर काढायचं एक सूत्र आहे: आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ७.६ ला ते १७१ येतं. माझ्या वहीची सरासरी दीडशेच्या आसपास. मुद्रणप्रत आणि प्रूफ जुळत नव्हतं. आमच्या धंद्यात असं झालं की आपण दोन्हींपैकी एकाला खोटं ठरवत नाही, मूळ शोधतो. डॉक्टरांनी वहीला खोटं ठरवलं. त्यांचंही पूर्ण चुकलं असं म्हणवत नाही, वहीत हवे तेच आकडे लिहिणारी माणसं त्यांनी खूप पाहिली असतील, आणि चोवीस तासांतल्या दोन टोचण्या म्हणजे संपूर्ण दिवस नव्हे. पण त्यांनी ग्लिमेपिराइड, म्हणजे शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी माझी गोळी, १ मिलिग्रॅमवरून २ वर नेलं. (इथे मिलिग्रॅमच बरोबर आहे.)

तिसऱ्याच दिवशी दुपारी टेबलावर बसल्या बसल्या अक्षरं पोहायला लागली. घाम, हातांना कापरं, आणि एक विचित्र राग, समोरच्या माणसाचा, कारण नसताना. बोट टोचलं तर ५४. ग्लुकोज पावडर पाण्यात घेतली, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ७९. त्या महिन्यात हे चार वेळा झालं, त्यातलं एकदा पहाटे अडीचला. एकीकडे रिपोर्ट म्हणतोय साखर जास्त, दुसरीकडे बोट म्हणतंय कमी. मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वेळेवर जेवत जा."

उलगडा झाला तो आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवर गेले तेव्हा. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वही घेतली, पानं उलटून 'काय झालं' हा रकाना वाचला. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून पाठमोरं बसायला सांगितलं, पावलं मोकळी लोंबत. घोट्यामागच्या जाड शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला त्यानं वेळ घेतला, जणू परतायचं की नाही याचा विचार करतंय. त्यांनी तीनदा मारून पाहिलं. "मधुमेहानं नस बिघडली असती तर हा झटका कमी झाला असता किंवा आलाच नसता," त्या म्हणाल्या. "तुमचा येतोय, पण उतरतोय सावकाश." आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी लिहून दिली.

टीएसएच ४२ आली. प्रौढ माणसात ती साधारण ०.४ ते ४ असते. ज्यांना या आकड्याचा अर्थ उलटा वाटतो त्यांच्यासाठी: टीएसएच थायरॉइड ग्रंथी करतच नाही. ती मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी करते, थायरॉइडला 'काम कर' असं बजावायला. ग्रंथी ऐकत नाही म्हणून वरून हाक मोठी होत जाते. आकडा जास्त म्हणजे ग्रंथी मंद. रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीही सापडल्या, म्हणजे माझंच शरीर माझ्या ग्रंथीवर उठलं होतं. या आजाराला हाशिमोटो म्हणतात, १९१२ साली त्याचं वर्णन करणाऱ्या जपानी डॉक्टरांच्या नावावरून. हिमोग्लोबिनही कमी होतं, लोह कमी असल्यामुळे.

आता तो न जुळणारा आकडा. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि जितकी जुनी तितकी तिच्यावर साखर जास्त. थायरॉइड मंद असला की अस्थिमज्जेत नव्या पेशी सावकाश तयार होतात. रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि साखर तेवढीच असूनही एचबीए१सी जास्त दिसते. लोहाच्या कमतरतेनंही तसंच होतं. माझ्याकडे दोन्ही होतं. वही खोटी नव्हती, संपादक महोदय. हे कळलं त्या दिवशी मी दवाखान्यातून बाहेर पडून पायरीवर बसले आणि थोडी रडले. एवढ्याशा गोष्टीवर कोणी रडतं का असं नवरा म्हणाला. पण चार महिने मी चोरून खाणारी बाई ठरले होते.

आणि साखर कमी का होत होती? त्याचं कारणही तिथंच. थायरॉइड मंदावला की यकृत रक्तात कमी साखर सोडतं, आतड्यातून ती हळू शोषली जाते, आणि शरीरातलं इन्सुलिन लवकर निचरत नाही. अशा माणसाला इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणारी गोळी नेहमीच्या मापानं दिली तरी ती जड होते. माझी तर चुकीच्या आकड्यावरून वाढवलेली. त्याच वेळी स्नायू इन्सुलिनला पुरतं जुमानत नाहीत, म्हणून काहींची साखर वाढतेही. आपल्या लेखातलं वाक्य एवढ्यापुरतं बरोबर. पण 'साखर वाढते' हे वाचून एखाद्यानं गोळी वाढवून घेतली, तर माझ्यासारखी पहाटे अडीचला अंधारात ग्लुकोजचा डबा शोधायची पाळी येईल.

थायरॉक्सिन २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू झालं. आधी हृदयाचा आलेख काढला. वय पन्नाशीपुढचं आणि जोडीला मधुमेह असला की हृदयावर एकदम भार टाकत नाहीत. दर सहा आठवड्यांनी तपासणी. मी उतावीळ, म्हटलं पंधरा दिवसांत बघू की. त्या बाई म्हणाल्या, या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं औषध ओसरायला लागणारा काळ, सात दिवसांचं आहे, रक्तात ते स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे लागतात, आधी तपासलं तर अर्धवट जुळवलेलं पान वाचल्यासारखं होईल. (ही उपमा माझी. त्यांना माझा धंदा माहीत नव्हता.)

यात एक गंमत झाली, तेव्हा गंमत वाटली नव्हती. डोस वाढत गेला तशी माझी उपाशीपोटीची साखर ११८ वरून १३५ वर गेली. मला वाटलं, हे नवं औषध बाधलं. खरं तर यकृत जागं झालं होतं, आणि ग्लिमेपिराइड मधल्या काळात परत १ मिलिग्रॅमवर आणलेलं होतं. पुढच्या तपासणीत एचबीए१सी मात्र ७.१. वही वाढली, रिपोर्ट उतरला! ज्यानं दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं नसतं, त्यानं एक तर औषध बंद केलं असतं नाहीतर शाबासकी दिली असती, आणि दोन्ही चुकलं असतं.

मग एकदा उलटंही झालं. डोस १०० वर गेल्यावर संध्याकाळी धडधड, घाम, हात थरथरणं. मी ही लक्षणं ओळखते, या तोऱ्यात न टोचता ग्लुकोज घेतलं. तासाभरानं टोचलं तर २४०. साखर कमी झालीच नव्हती, थायरॉक्सिन जास्त झालं होतं, टीएसएच ०.०८. दोन वेगळ्या आजारांची दोन टोकं अंगात अगदी सारखी वाटतात. तेव्हापासून नियम केलाय, आधी बोट टोचायचं. मीटर जवळ नसेल तर मात्र साखरच घ्यायची, कारण २४० झाले तर निस्तरता येतं, बेशुद्ध पडलं तर आपल्या हातात काही राहत नाही. आता ७५ वर आहे आणि टीएसएच दोनच्या आसपास.

सकाळचं वेळापत्रक हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि आपल्या लेखानं तो 'गोळी उपाशीपोटी घ्यावी' एवढ्या तीन शब्दांत आटोपला. ज्याला एकच गोळी आहे त्याला ते पुरेल. मला सहा आहेत. थायरॉक्सिन पाण्याबरोबर, मग तासभर काही नाही, कॉफीसुद्धा नाही, कारण तीही शोषण कमी करते. मग खाण्याआधी ग्लिमेपिराइड, खाण्याबरोबर मेटफॉर्मिन, ही मधुमेहाचीच दुसरी गोळी. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर, म्हणून लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री. मी पाच वाजता उठून गोळी घेते आणि पुन्हा पडते. माझ्या धाकट्या बहिणीला पहाटे उठणं जमत नाही. ती डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेते, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. कोणत्याही वेळी घ्या, पण रोज तीच वेळ. अलीकडे मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड गोळीतूनही मिळतं. तिलाही उपाशी पोट हवं, पाणी १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको आणि अर्धा तास दुसरी गोळी नको. शिवाय तिच्यामुळे रक्तातलं थायरॉक्सिन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढू शकतं. म्हणजे एकाच रिकाम्या पोटावर दोन दावेदार. अशा माणसानं काय करायचं, हे कोणी तरी छापायला हवं की नको?

आणि एक, जे मला कोणीच सांगितलं नाही, चुकतमाकत शिकले. पहाटे गोळी घेतली आणि साखर ६५ निघाली, तर तो एक तास पाळायचा का? मी एकदा पाळला. घामाघूम होऊन घड्याळाकडे बघत बसले, तेही मूर्खासारखी शिस्तीत. डॉक्टरीणबाई ओरडल्याच. साखर आधी, ताबडतोब. ज्या औषधाचं अर्धायुष्य सात दिवस आहे ते एका सकाळच्या गडबडीनं रुसत नाही.

हाताचंही सांगायला हवं. रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन मला जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. फाइलवर लिहिलं होतं, 'मधुमेही न्युरोपॅथी'. पण पावलं शाबूत होती, आणि मधुमेहाचा बधिरपणा सहसा पावलांपासून चढतो. ती मनगटात दबलेली नस निघाली. मंद थायरॉइडमध्ये हे होतं आणि मधुमेहातही होतं, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं कोण जाणे. थायरॉइड ताळ्यावर आल्यावर बरीच सुटली. ब१२ही तपासलं, कारण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं ते उतरतं आणि त्यानंही बोटं बधिर होतात, थकवाही येतो. खांदा आखडणं, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, उदास वाटणं, ही सगळी दुकलीच्या सामाईक खात्यावरची.

वाईट कोलेस्टेरॉलचंही तेच. माझं वाढलं म्हणून स्टॅटिन दिलं आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. मंद थायरॉइडवर इलाज झालेला नसताना स्टॅटिननं स्नायू दुखण्याचा धोका जास्त असतो. आणि थायरॉइड सुधारला की कोलेस्टेरॉल आपसूकही काही उतरतं. स्टॅटिन मी अजून घेते, मधुमेहामुळे ते लागतंच, पण आता पोटऱ्या गप्प आहेत.

बहिणीची गोष्ट थोडक्यात. केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या गोळ्या घेत होती. रिपोर्टमध्ये टीएसएच एकदम तळाला. डोस कमी करणार होते, तेवढ्यात कोणी तरी विचारलं. बायोटिन काही प्रकारच्या चाचण्यांनाच फसवतं. काही दिवस बंद करून पुन्हा तपासलं, टीएसएच जागेवर होती.

मी डॉक्टर नाही आणि कोणाचा डोस सांगत नाही. पण थोडं वाचलं आहे. पूर्वी वैद्यकाच्या इतिहासाचं एक हस्तलिखित तपासलं होतं, त्यातलं एक पान आता वेगळ्या अर्थानं आठवतं. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मंद थायरॉइडच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला, आणि ती त्यानंतर २८ वर्षं जगली. इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला मिळालं ते ११ जानेवारी १९२२ रोजी. त्या पानावर मी तेव्हा एक सन दुरुस्त केला होता, एवढंच. मला या दोन्ही गोष्टी लागणार आहेत असं कुठे ठाऊक होतं?

तेव्हा माझी मागणी. पुरवणीत या दोन आजारांवर एकत्र एक लेख द्या, दोन्ही विषय जाणणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. टाइप १ मधुमेह (अनेकदा लहान वयातच सुरू होणारा) असलेल्यांची थायरॉइड तपासणी निदानानंतर लवकर आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी करावी असं तज्ज्ञ सांगतात, कारण दोन्ही आजार एकाच बिघडलेल्या प्रतिकारशक्तीतून येतात. हे त्या मुलांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचू द्या. टाइप २ असेल आणि विनाकारण साखर कमी व्हायला लागली, कोलेस्टेरॉल वाढलं किंवा वही आणि एचबीए१सी जुळेनाशी झाली, तर 'एकदा टीएसएच बघू या का' एवढं विचारायला वाचकांना बळ द्या. साखरेचे डॉक्टर वेगळे आणि थायरॉइडचे वेगळे असतील तर एकानं डोस बदलला की दुसऱ्याच्या कागदावर तो लिहून घ्यायचा. मी स्वतःच लिहिते, लाल शाईनं, दोन्ही फाइलींवर.

मथळ्याचंही बघा. 'आळस झटका' हे वाचून मी त्या वर्षी रोज पाच किलोमीटर चालायचा प्रयत्न केला असता आणि टीएसएच ४२ घेऊन वाटेत कुठेतरी बसकण मारली असती. आता चालते, चार किलोमीटर, ग्लुकोज खिशात ठेवून.

दुरुस्ती छापाल तेव्हा ती त्याच पानावर द्यावी, कोपऱ्यात नको. आणि 'मायक्रोग्रॅम' हा शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. तुटला तर घाईत वाचणाऱ्याच्या हाती पुढच्या ओळीतलं नुसतं 'ग्रॅम' लागेल.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(कृपया नाव छापू नये)